बाराखडीप्रमाणे बॅटिंग

क्रिकेटची मॅच हरून इतक्या समाधानानं घरी जाणारा माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा झाला नसेल. माझ्या मुलीचे, प्रज्ञाचे, क्रिकेटचे सर तसे होते. शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि शाळा सुटली की मुलामुलींचं क्रिकेट चालवायचे. स्वतः मोठे खेळाडू होते म्हणावं, तर तेही नाही. कॉलेजात असताना एकदा त्यांनी अकरा धावा काढल्या होत्या आणि त्या अकराच्या अकरा धावांची हकीकत ते दरवर्षी नव्या पालकांना सांगत. नववी धाव ओव्हरथ्रोची होती, हेही प्रामाणिकपणे सांगत. गडचांदूरच्या त्या मैदानावर सिमेंटची बारीक पांढरी धूळ कायम बसलेली असायची. त्यामुळे तासाभराच्या सरावानंतर सगळी पोरं पीठगिरणीतून बाहेर आल्यासारखी दिसत आणि सर तर पार पुतळ्यासारखे. दुपारी चुनखडीच्या खाणीत सुरुंगाचा भोंगा वाजला की ते खेळ थांबवत. बोलर धावत निघाला असला तरी त्याला मधेच उभं करत. जमीन हादरून शांत झाली की म्हणत, "चला, आता टाक." अंपायर परगावचा असला तर त्याला हा प्रकार समजावून सांगताना अर्धी ओव्हर जायची.

मुलांपेक्षा आम्हा पालकांना शिकवायची त्यांना हौस दांडगी. महिन्याला पालकसभा ठेवत आणि सभा म्हणजे वर्गात बाकांवर बसून नव्हे, मैदानावर उन्हात. स्वतःच्या मुलाचं नाव घेऊन ओरडायचं नाही, हा पहिला नियम. ओरडायचंच तर दुसऱ्याच्या पोराच्या नावानं ओरडायचं. मॅचच्या दिवशी प्रत्येकाला आपल्या अपत्यापासून लांब बसवत. आमच्यातले एक एस.टी. कंडक्टर होते, त्यांना लेगसाइडला झाडाखाली, तर त्यांच्या बाईंना थेट साइटस्क्रीनच्या मागं. मला स्कोअर लिहायला बसवलं होतं, कारण मी सिमेंट कारखान्याच्या ऑफिसात पत्रव्यवहार बघतो आणि माझं अक्षर बरं आहे. "भाऊ, तुमचा हात लिहिण्यात गुंतून राह्यला म्हणजे तोंड बंद राह्यते," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. दुसरा नियम घरी जातानाचा. मॅचनंतर पोराला पहिला प्रश्न विचारायचा, भूक लागली का? ते पोटभर जेवेपर्यंत क्रिकेटचा शब्द काढायचा नाही. एका बापानं विचारलं, "अन् सर, जेवल्यावर?" सर म्हणाले, "जेवल्यावर ते झोपते ना बाप्पा!"

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा बॅटिंगच्या क्रमात होता. हा क्रम बाराखडीप्रमाणे असायचा. अ पासून सुरुवात, आणि एका मॅचमध्ये ज्या अक्षरापर्यंत बॅटिंग पोचली, पुढच्या मॅचला त्याच्या पुढच्या अक्षरापासून. चांगला खेळणारा आधी, कच्चा मागं, हा भेद त्यांना मान्यच नव्हता. "वर्गात हजेरी घेतो तेव्हा हुशार पोराचं नाव आधी घेतो का मी?" असं ते विचारत. अशा पद्धतीनं टीम हरायची, पण सतत हरायची असंही नाही. त्या वर्षी आम्ही कसे कोण जाणे, पण चंद्रपूरला सेमी फायनलपर्यंत पोचलो.

माझी प्रज्ञा त्या टीममधली सगळ्यात चांगली बॅट्समन होती. हे बापाचं प्रेम म्हणून सांगत नाही, स्कोअर माझ्याच हातानं लिहिलेला होता. पण आधीच्या मॅचला शेवटची बॅटिंग नेमकी तिची झाली होती. म्हणून सेमी फायनलला सुरुवात तिच्या पुढच्या अक्षरापासून. ओपनिंगला मैना, आणि माझी मुलगी अकराव्या नंबरला.

मैना जिवतीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. मुलींच्या वसतिगृहात राहायची, घरी गोंडी बोलायची आणि मैदानावर काहीच बोलायची नाही. बॅट ती दोन्ही हातांनी घागर धरावी तशी धरायची. त्या दिवशी तिचे वडील पहिल्यांदा मॅच बघायला आले होते. पहाटे निघून, कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून. मैनानं चार ओव्हर नुसते चेंडू अडवले. आमच्या पालकांची चुळबूळ सुरू झाली. पाचव्या ओव्हरला चेंडू बॅटच्या कडेला लागून गेला आणि मैना जीव खाऊन धावली. एक धाव. सरांनी हात वर करून अंपायरला थांबायची विनंती केली, चालत सीमारेषेपर्यंत आले आणि मैनाच्या वडिलांशी हस्तांदोलन केलं. "अभिनंदन, दादा," म्हणाले. त्या माणसाला काय करावं कळेना. त्यानं आधी डोक्यावरचा दुपट्टा काढला, मग सरांचा हात धरला, आणि बराच वेळ सोडलाच नाही.

आम्ही सात धावांनी हरलो. शेवटची विकेट पडली तेव्हा प्रज्ञा दुसऱ्या टोकाला नाबाद उभी होती. तिला एकही चेंडू खेळायला मिळाला नव्हता.

परतीच्या बसमध्ये सर पोरांना गाण्याच्या भेंड्या खेळवत होते. मी प्रज्ञाला विचारलं, "तू सरांना आधी जाते म्हणून सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "बाबा, मला भूक लागलीय." तरीही मी राजुरा येईपर्यंत बोलतच राहिलो.

पुढच्याच आठवड्यात पालकांचं निवेदन मुख्याध्यापकांकडे गेलं. क्रिकेटची जबाबदारी जाणकार व्यक्तीकडे द्यावी, गुणवान खेळाडूंवर अन्याय होऊ नये, वगैरे. मजकूर माझा. पहिली सहीही माझी. बहुतेक सगळ्यांनी सह्या केल्या. मैनाच्या वडिलांना बाजाराच्या दिवशी गाठलं, तर त्यांनी कागद उलटसुलट करून परत दिला. "मले क्रिकेटचं नाई समजत भाऊ. पन पोरगी या खेपेस घरी आली तं हसून राह्यली होती. मी कायची सही करू?"

निर्णय झाल्यावर सरांनी शेवटची पालकसभा घेतली, तीही मैदानावरच. स्टंप, पॅड, दोन बॅटा, सगळं शाळेच्या ताब्यात दिलं. सभा संपल्यावर माझ्याजवळ आले. मी खाली बघत होतो. ते म्हणाले, "निवेदन वाचलं भाऊ. कुठीच ऱ्हस्व-दीर्घ चुकला नाई. मस्त लिहिलं." आवाजात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. त्यांनी ते वाचून खरोखरच तपासलं होतं. वर्षाअखेरीस संस्थेनं त्यांना धानोऱ्याकडच्या दुसऱ्या शाळेत पाठवलं.

नवे कोच चंद्रपूरहून यायचे. त्यांनी निवड चाचणी घेतली आणि पंधरा जणांना ठेवून बाकीच्यांना घरी पाठवलं. मैना पहिल्याच दिवशी गेली. कंडक्टरांचा मुलगा, आणखी कितीतरी. प्रज्ञा अर्थातच राहिली, आणि ओपनिंगला जाऊ लागली. टीम जिंकू लागली, वर्तमानपत्रात फोटो आला. मी रजा टाकून प्रत्येक सरावाला जायचो आणि जाळीला चिकटून उभा राहायचो. तिचं नाव घेऊन मी किती ओरडलो असेन! खांदा पाड, पाय काढ, बघ जरा चेंडूकडे. दोन वर्षं असं चाललं. दहावीच्या आधी एका सकाळी ती बूट न घालताच स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "बाबा, मला नाही खेळायचं आता." मी रागावलो, समजूत घातली, तिच्या आईकडून सांगून पाहिलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. किट बॅग तिनं स्वतःच माळ्यावर टाकली. त्यानंतर आमच्या घरात टीव्हीवर क्रिकेट लागलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते.

सर निवृत्त होऊन राजुऱ्याला राहायला आले, आणि वर्षभरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हे मला कंडक्टरांकडून कळलं. तरी जायला मला चार महिने लागले. काय सांगायचं, ते मनात लिहून ठेवलं होतं. मजकूर पक्का होता.

सर अंगणात खुर्चीवर बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड जरासं वाकडं. मला बघून डाव्या हातानं जवळची खुर्ची दाखवली. त्यांचं बोलणं मला कळेना. सरांच्या पत्नी, बाई, शेजारी बसून मला उलगडून सांगत होत्या. मी सुरुवात केली, "सर, ते निवेदन..." त्यांनी मान हलवली आणि मोठ्या कष्टानं एक शब्द उच्चारला. तो मात्र मला बाईंनी सांगायच्या आधीच कळला.

"प्रज्ञा?"

लिहून नेलेलं सगळं बाजूला पडलं. मी म्हणालो, "खेळते सर. रोज खेळते."

ते हसले. अर्धाच चेहरा हसला, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग मी थांबलोच नाही. कॉलेजच्या टीममध्ये आहे म्हणालो, खूप मजा करते म्हणालो. ते डावा हात मांडीवर आपटून दाद देत होते. बाईंनी चहा आणला. मी तो कसाबसा संपवला आणि उठलो.

बाई फाटकापर्यंत आल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्याच म्हणाल्या, "प्रज्ञानं सोडलं, ते मले माहीत आहे भाऊ."

"बाई, मी..."

"राहू द्या. सगळेच तसं सांगतेत. मैनाचे बाबा आले होते, तेही सांगून गेले का पोरगी खेळून राह्यली म्हणून. कंडक्टरभाऊनंही तेच सांगितलं." त्यांनी फाटकाची कडी काढली. "यांच्यासाठी तुमचे सगळे लेकरं अजून मैदानावरच आहेत. येत जा."

मी येईन म्हणालो. आता महिन्यातून एखाद्या रविवारी जातो आणि जाताना बसमध्ये, या वेळी प्रज्ञानं किती धावा काढल्या, ते ठरवत बसतो.