तात्यांच्या उसातलं रॉकेट

आता माझ्या हुशारीचा हा किस्सा ऐकाच, चहा गार झाला तरी चालेल.

मी कडेगावाकडच्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. पोरांना सूत्रं म्हणजे कडू काढा. म्हणून मी शाळेच्या काँप्युटरवर रॉकेट उडवायला लागलो. खरं नाही हो, पडद्यावरचं! वजन भरा, कोन भरा, वाऱ्याचा वेग भरा, बटण दाबा. किती उंच गेलं, कुठं पडलं, सगळं समोर. साइन-कोसाइन म्हटलं की पाणी प्यायला पळणारी पोरं मधल्या सुट्टीत कोन काढत बसायला लागली.

हेडसरांना मात्र हे खूळ वाटायचं. एक जरी तक्रार आली तर हा तास बंद, असं त्यांनी बजावलं. मी म्हटलं, बघू कोण बंद करतो! मनात म्हटलं, अर्थात.

आणि आले की तात्या. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला माणूस, ऊस आमच्या मैदानाला लागून, नात माझ्याच वर्गात. तिनं घरी काय सांगितलं कोण जाणे.

"सर, तुमचं राकेट आमच्या उसात पडतंय व्हय?"

झालं! माझं डोकंच फिरलं. आम्ही पडलो साताऱ्याचे, दबतोय कसले? "तात्या, तुमच्या उसाच्या पाल्याला धक्का लागला तर नोकरी सोडीन," मी छाती ठोकून सांगितलं. त्यांना खुर्चीत बसवलं, मैदानाची मापं भरली आणि बटण दाबलं. रॉकेट मैदानातच उतरलं.

तात्या खूश होतील? छे. म्हणाले, वारा वाढवा. वाढवला. मैदानातच. म्हणाले, कोन वाकवा. वाकवला. तरी कुंपणाच्या आतच. पोरं टाळ्या पिटतायत आणि मी इरेला पेटलोय. हा माणूस मला अडकवायला बघतो काय? शेवटी तात्यांनी नातीला हाताशी धरून स्वतःच आकडे भरले आणि रॉकेट थेट उसात!

संपला माझा तास, म्हटलं. पण तात्यांचा चेहरा खुलला.

"हां, आसंच सोडा."

"काय?"

"तुरं आलं उसाला, वजन घटाय लागलं, तरी कारखान्याची तोड येईना. तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय फोन उचलंना. जळल्याला ऊस कारखाना आदी नेतोय. तुमच्या राकेटनं जळला तर माज्यावर आळ बी न्हाई."

"अहो तात्या, खरं रॉकेट नाहीच! नुसतं पडद्यावर आहे."

तात्यांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग मगाधरनं छाती कशापायी ठोकत हुता?"

तेवढ्यात गोंधळ ऐकून हेडसर दारात आले. काही तक्रार आहे का, त्यांनी आशेनं विचारलं. तात्या म्हणाले, हाय की, शाळेकडं खरं राकेट न्हाई. यावर हेडसर काय बंद करणार? आल्या पावली परत गेले. तास अजून चालू आहे, आणि चालूच राहणार!

पण नात उभी राहिली. "सर, राकेट उसात पडलं की. मग आता नोकरी?"

"बस खाली," तात्या म्हणाले. "ती बी पडद्यावरच सोडत्याल."