तात्यांच्या खांद्यावरचा पाना

तात्यांच्या खांद्यावर हातभर लांबीचा लोखंडी पाना कायम असायचा, आणि तरी वीस वर्षांत त्यांनी स्वतः एकही व्हॉल्व्ह फिरवलेला मी पाहिला नाही. महाळुंगे पडवळच्या शिवारात आम्ही बारा शेतकऱ्यांनी मिळून घोड नदीवरून पाइपलाइन आणली, तेव्हापासून कुणाला पाणी सोडायचं आणि कुणाचं तोडायचं हे तात्या ठरवायचे. हात मात्र दुसऱ्याचा लागायचा. मला तो माणूस फार आवडायचा, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

वडील गेल्यावर मला शेती शिकवली ती त्यांनीच. कधी आवाज चढवला नाही. व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला की आतल्या पाण्याचा दणका बसून जोड निखळतो, म्हणून माझ्या मनगटावर स्वतःचा हात ठेवून सांगायचे, "हळू फिरव. पाइपाला लागतं." माझी बायको बाळंत झाली तेव्हा न सांगता त्यांच्या घरून आठ दिवस दूध येत होतं. असा माणूस काही सांगतो तेव्हा नाही म्हणायला तोंड उघडत नाही.

पाण्याच्या पाळ्या ठरवायला आम्ही व्हॉल्व्ह बसवलेल्या चेंबरच्या कट्ट्यावर बसायचो. तात्या शेवटी बोलायचे आणि तेही अंग चोरून. "मी कोण सांगणारा? समद्यांचं म्हणणं हाय." हे म्हणणं कुणी, कधी, कुठे मांडलं, ते आम्ही कधी विचारलं नाही. उरलेल्या लोकांचं तसं असणार, असं धरून प्रत्येक जण मान हलवायचा.

दौलतनं विचारलं. दौलत माझा चुलतभाऊ, आमच्या बांधाला बांध. ऐन उन्हाळ्यात त्याच्या टोमॅटोला फळ धरलं होतं. तो बैठकीत सरळ म्हणाला, आम्हाला एक दिवस पाणी आणि तात्यांच्या उसाला दोन दिवस, हे कसं? तात्या हसले. दौलतलाच पहिला चहा द्यायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला चेंबरवर बोलावलं आणि खांद्यावरचा पाना माझ्या हातात ठेवला.

"दौलतच्या दोन पाळ्या बंद. समद्यांचं म्हणणं हाय."

मी म्हटलं, तात्या, माझ्या हातून नको. ते जवळ आले आणि खाली पडलेली माझी टोपी उचलून, झटकून माझ्या डोक्यावर ठेवली. "तूच कर. परक्याचा हात लागला तर त्याला वाईट वाटंल."

दौलत बांधावर उभा होता. त्याची बायको वाफ्यात खाली बसून टोमॅटोला दोऱ्या बांधत होती, ती बांधतच राहिली. मी पाना लावला. आपण फिरवला नाही तर दुसरा कुणी फिरवेल, असं मी मनाशी म्हणत होतो. दौलत म्हणाला, "फिरव बाबा. न्हाईतर तुझं बी बंद व्हईल." मी फिरवला. मागून तात्यांचा आवाज आला, "हळू."

मी हळू फिरवला. पाइपाला काही झालं नाही.

दोन पाळ्यांत दौलतचा प्लॉट करपला. नारायणगावला एक क्रेटही गेलं नाही. त्यानं जमीन वाट्यानं दिली आणि मंचरला जाऊन टेम्पो चालवायला लागला. पुढे एकेकाला बाजूला घेऊन मी विचारलं, तू तसं म्हणाला होतास का? उरलेल्या नऊच्या नऊ जणांनी नाही म्हणून सांगितलं. बाकीच्यांचं होतं म्हणून गप्प बसलो, म्हणाले. मीही तेच करून बसलो होतो, त्यामुळे कुणावर चिडायची सोय नव्हती. पुढच्या बैठकीला आम्ही सगळे होतो आणि सगळ्यांनी मान हलवली.

यंदा तात्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि पाणी मोजून. मी भेटायला गेलो तेव्हा सूनबाई गुरांना वैरण टाकायला निघाली होती. जाताना म्हणाली, "पाणी मागतील. देऊ नका." पाना खाटेच्या पायाशी टेकवलेला होता. तात्यांचे ओठ चिरले होते.

"घोटभर दे."

तांब्या माझ्या हाताजवळ होता. मी म्हटलं, नको तात्या.

"कोण म्हणतंय नको?"

एकटी सूनबाई म्हणाली होती. तरी माझ्या तोंडून निघालं, "सगळ्यांचंच म्हणणं आहे."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. एका घोटानं काही बिघडलं नसतं, असं डॉक्टर नंतर सहज बोलून गेले.

अंत्यविधीला अख्खा गाव लोटला. आमच्याकडे चितेवर ठेवण्याआधी जो तो मयताच्या तोंडात शेवटचं पाणी घालतो. तुळशीच्या पानानं थेंबभर घालायचं आणि बाजूला व्हायचं. माझ्या पुढे दौलत होता. त्यानं पान बाजूला ठेवलं, तांब्या उचलला आणि तात्यांच्या तोंडात ओतत राहिला, पाणी गळ्यावरून ओघळून पांढरं कापड भिजेपर्यंत. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

मलाही तसंच करायचं होतं. ती तहान मी पाहिली होती. मी तांब्याकडे हात नेला आणि मागे वळून पाहिलं. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात तुळशीचं पान तयार होतं. मी पानानं थेंबभर पाणी घातलं आणि बाजूला झालो.