फळीवरचं वजन

आमच्या जनावरांच्या डॉक्टरणीचा दवाखाना आणि माझं चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही पातळ. त्यामुळे मी काही मुद्दाम ऐकत नाही, कानावर येतं. आमच्याकडच्या एका बड्या वकिलांचा कुत्रा सुईला अजिबात घाबरत नाही. वकील घाबरतात आणि त्यांना बाहेर बाकावर बसवून पाणी द्यावं लागतं, हे मला असंच कळलं. एका बाईंची तक्रार होती की मांजर जेवत नाही. डॉक्टरणीने मांजराचं पोट चाचपलं आणि विचारलं, "शेजारी कोण राहतं?" मांजर दोन घरी जेवत होतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणजे तीन-चार जण सोडले तर.

डॉक्टरीण अंगाने इतकी किरकोळ की वजनकाट्यावर उभी राहिली तर काट्याला विचार करावा लागेल. पण शिकली होती ती गाई-बैलांचं. कुत्र्या-मांजरांच्या मालकांना समजावून दमली की म्हणायची, "काका, मला मोठी जनावरं बरी वाटतात. त्यांचे मालक निदान जनावराच्या वतीने बोलत नाहीत." पण वर्ष झालं तरी एकही गोठेवाला तिला बोलवत नव्हता. आधीचे डॉक्टर धिप्पाड होते, दारातून आडवे होऊन शिरायचे. हिला सगळे म्हणायचे मांजरवाली डॉक्टर.

एका सकाळी दूधवाला धापा टाकत आला.

"डॉक्टर आहेत?"

"समोर उभी आहे."

"नाही, म्हणजे, मोठे डॉक्टर."

"ते निवृत्त होऊन लेकाकडे गेले. मी इथे आहे. काय झालंय?"

त्याची सगळ्यात चांगली गाय अडली होती. दिवस भरलेले, पहाटेपासून ऊठबस करतेय, पोटाला लाथा मारतेय, पण पाणी काही फुटत नाही. डॉक्टरणीची गाडी दुरुस्तीला गेलेली. माझी दारात होती. म्हणून मी गेलो. कुतूहलाचा त्यात काही संबंध नव्हता.

गोठ्यात दूधवाल्याची आत्या गायीच्या गळ्यात हात टाकून उभी होती. आत्याबाईंचं वर्णन मी जपून करतो, कारण त्या हे वाचतील. भक्कम बाई. ही गाय आई मेलेलं वासरू होती तेव्हापासून त्यांनीच बाटलीने दूध पाजून वाढवलेली. त्यांनी डॉक्टरणीला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"हिला पाठवलंय? गाय शिंकली तर ही उडून जाईल."

डॉक्टरणीने बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, हात साबणाने धुतला आणि आत घातला. डोळे मिटून थोडा वेळ उभी राहिली.

"गर्भाशयाला पीळ बसलाय. उजवीकडे. पिळलेल्या टॉवेलसारख्या घड्या लागतायत हाताला. वासराची वाटच बंद झालीय. ऑपरेशनचा दवाखाना चार तासांवर आहे. तिथवर वासरू टिकणार नाही, आणि गायीचंही मी सांगू शकत नाही."

"मग?" दूधवाल्याने विचारलं.

"गायीला उजव्या कुशीवर पाडायचं आणि पाठीवरून पलीकडे लोळवायचं. पोटावर लांब फळी दाबून धरायची."

एव्हाना शेजारचे दोघे-तिघे जमले होते. फुकट सल्ला द्यायला माणसं कधी कमी पडत नाहीत. एक म्हणाला, "उजवीकडे पीळ आहे तर डावीकडे नको का फिरवायला?"

"नको. फळीने गर्भाशय जागच्या जागी राहील आणि गाय त्याच्याभोवती फिरेल. गर्भाशय पुढे निघून गेलंय, गायीने त्याला गाठायचंय. आता मला वजन हवंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाठीच्या दुखण्याची आठवण करून दिली. मग सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं.

"माझ्या वजनावर बोलतेस, पोरी?"

"बोलतेय, आत्या. पुरुष दोरावर लागतील. फळीवर तुम्हीच."

गायीच्या अंगाभोवती दोर वेढून ओढला, तशी ती हळूहळू बसली आणि आडवी झाली. फळीचं एक टोक पोटावर, दुसरं जमिनीवर, आणि त्यावर माझा खांदा धरून आत्याबाई. डॉक्टरीण म्हणाली, "सावकाश." गाय लोळवली. हात घालून पाहिलं. पीळ तसाच. पुन्हा तिला आधीच्या कुशीवर आणलं, पुन्हा लोळवली. पीळ तसाच.

कुजबुज सुरू झाली. "मी म्हणतच होतो, डावीकडे." दूधवाला डॉक्टरणीकडे न बघता म्हणाला, "बाई, एकदा उलटं करून बघूया का?"

"उलटं केलं तर पीळ वाढेल," ती म्हणाली. ती गायीकडे नव्हे, जमिनीकडे बघत होती. जमीन ओली होती. फळीच्या टोकाची तिथे खूणही उमटली नव्हती. शेजारी मात्र एका पावलाचा चांगला खोल ठसा होता. फक्त एका पावलाचा.

ती आत्याबाईंजवळ गेली. हळू बोलली, पण मी खांदा म्हणून हजर होतोच.

"आत्या, दुसरा पाय कुठे होता?"

आत्याबाईंनी घेरदार कपडे सावरले. "तिला दुखेल गं. पोटात वासरू आहे. असं कसं उभं राहायचं?"

"दुखेल. दोन मिनिटं. तुम्ही एक पाय खाली ठेवलात तर दुपारपर्यंत दुखेल, आणि मग दुखायचं थांबेल."

आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं. या वेळी जरा जास्त वेळ लागला. गायीला पुन्हा उजव्या कुशीवर आणल्यावर दोन्ही पाय फळीवर ठेवले, डोळे मिटले आणि माझ्या खांद्यात पाच बोटं रुतवली. फळी चिखलात शिरली. दोर ओढले तशी गाय हंबरत लोळली. आत्याबाईंचा पाय हलला नाही.

डॉक्टरणीने हात घातला आणि त्याच क्षणी पाण्याचा लोंढा तिच्या अंगावर आला. नखशिखांत भिजली. "उघडलं," एवढंच म्हणाली आणि वासराचे पाय शोधायला लागली.

वासरू ओढायला अर्धा तास गेला. बाहेर आलं तेव्हा हलेना. तिने नाकात गवताची काडी घातली. ते शिंकलं. आत्याबाई खाली बसल्या त्या बसल्याच. उठवायला दोघे लागले.

पुढच्याच आठवड्यात दोन गोठ्यांचं बोलावणं आलं. इकडे आत्याबाई सांगत सुटल्या होत्या, "पीळ मी काढला. डॉक्टरणीने नुसता हात घालून बघितलं." सत्याची चाड असल्यामुळे मी ते लगेच डॉक्टरणीच्या कानावर घातलं.

"बरोबर बोलतायत," ती बॅग भरता भरता म्हणाली. "त्यांना सांगा, मी गोठ्यावर निघालेय, येत असाल तर चला."

मला वाटलं चेष्टा आहे. आत्याबाई फळी घेऊन आल्या. तिथल्या गायीला नुसता ताप निघाला, फळीचं कामच पडलं नाही. दोन दिवस आत्याबाई डॉक्टरणीशी बोलत नव्हत्या.