दिवाण, व्याही आणि बिनमातीची वाळवी

वाळवी दोन तऱ्हेची असते, हे मला होणाऱ्या व्याह्यांनी जमिनीवर पडल्या-पडल्या शिकवलं.

माझी तक्रार शिकवण्याबद्दल नाही, वेळेबद्दल आहे! आमच्या पुष्पीच्या सोयरिकीची बोलणी होती. मानोऱ्याचे पाहुणे येणार, म्हणून मी मंगरूळपीरला जाऊन, तासभर घासाघीस करून जुना सागवानी दिवाण आणला. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "घेऊन जा भाऊ, पण आता बोलू नका!" (हा मी माझा विजय समजलो.)

वाळवी मला नवीन नव्हती. दाराची चौकट तिनेच खाल्लेली. ती जमिनीतून येते, भिंतीवर मातीची नळी बांधते, लाकूड खाऊन आत माती भरते. म्हणून दिवाणाचे चारही पाय मी पाण्याच्या वाट्यांत ठेवले. ये म्हणावं आता पोहत!

काही दिवसांनी बायको म्हणाली, "अवो, दिवाणाखाली रोज खसखस सांडून राह्यली."

"तूच सांडत असशील!"

"मी कायले दिवाणाखाली खसखस सांडू? वाळवी त नाही लागली?"

"माती दिसते का कुठं? नाही ना? मंग वाळवी नाही! झाड अन् चूप राह्य!"

पाहुणे आले. मुलाचे वडील चांगले भारदस्त. त्यांना मानाने दिवाणावर बसवलं आणि सागवानाची तारीफ करत मी फळीवर थाप मारली. आवाज ढोलकीचा आला! पुढच्या क्षणी व्याही खाली, पाय वर आणि वाट्यांतलं पाणी त्यांच्या पायजम्यात!

फळी वरून चकचकीत, आतून पार पोकळ. व्याह्यांनी पडल्या जागेवरून चिमूटभर दाणे उचलले.

"ही कोरड्या लाकडातली वाळवी हाये. हिले ना माती लागत, ना पाणी. लाकडातच राह्यते, आतूनच खाते. अन् हे खसखशीसारखे दाणे म्हंजे तिची लेंडी!"

"शक्यच नाही!" मी गरजलो. "माती दाखवा, माती!"

"मी कुठून दाखवू? मी तर दिवाणात अडकलो!"

तेवढ्यात पुष्पी चहा घेऊन आली. "बाबा, आधी त्यायले उठवा, मंग भांडा!" म्हणत तिनेच ट्रे ठेवून त्यांना हात दिला.

व्याही कंबर चोळत म्हणाले, "पोरगी पसंत हाये. या घरात एक तरी डोकं ठिकाणावर हाये."

लग्न थाटात झालं. पण मी हार मानलेली नाही! दिवाण चांगलाच होता, व्याह्यांचं वजन जास्त होतं, हे मी आजही त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या तोंडावर ठणकावून सांगतो.

उभ्या-उभ्याच सांगतो. त्यांच्या खुर्च्या लाकडी आहेत.