सुटलेल्या कैद्याची हजेरी

सुटून घरी गेलेल्या कैद्याचं नाव मी संध्याकाळच्या गिनतीत पुकारलं. चूक माझी, शंभर टक्के. पण त्या नावाला उत्तर आलं… ते कुणाच्या खाती टाकायचं, हे अजून ठरत नाही.

आधीच सांगतो, भूतखेत, भानामती, आवाज येणं — यातलं मी काही मानत नाही. मी लातूरचा, जेलच्या नोकरीत केस पांढरे झालेले. जिवंत माणसंच इतका त्रास देतात की मेलेल्यांना भ्यायला सवड नसते. जेल कुठलं ते विचारू नका. नांदेड-लातूर पट्ट्यातलं समजा. पेन्शन अजून लांब आहे.

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत बंदी होते. कैदी जोडीजोडीनं उकिडवे बसतात, त्यांची गिनती होते, मग बरॅक आणि कुलूप. नुसती डोकी मोजली तरी भागतं. पण मला हौस — सगळ्यांची नावं तोंडपाठ आहेत हे दाखवायची. तोंडपाठ असलं की तोंड आपलं आपण चालतं, डोकं लागत नाही. माझं तर तसंही कधी लागलेलं नाही.

दिगंबर खुनाच्या केसमधला कच्चा कैदी. तारखांवर तारखा पडत कित्येक वर्षं आत. आला तेव्हा भिंतीवर डोकं आपटायचा. पुढं इतका शिस्तीत आला की बाहेरचे पाहुणे आले की मी त्यालाच पुढं करायचो. "बघा, सुधारणा म्हणतात ती ही!" मग कोर्टाचा निकाल लागला — गुन्ह्याशी याचा काही संबंधच नाही. म्हणजे मी एवढी वर्षं सुधारलं काय? हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. त्याऐवजी मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "आता नीट राहा हं." गेटबाहेर त्याची बायको सुमन उभी होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी आत जाऊन उगीचच पाणी प्यालो.

आठवडाही झाला नसेल. जोड्या बसलेल्या, मी धडाधड नावं घेत चाललोय… "दिगंबर!"

"हजर साहेब!"

पुढची दोन नावं घेतली आणि मग ध्यानात आलं, दिगंबर तर सुटलाय. त्याचा पुढचा दात पडलेला, 'साहेब' म्हणताना शीळ वाजायची. तीच शीळ. आवाज ओळीच्या टोकाकडून, तो बसायचा तिथून. आणि तिथं मोकळी फरशी.

"कोण रे नकला करतो?"

कुणी हसलं नाही. साहेबाची फजिती होऊन कैदी हसत नाहीत म्हणजे काहीतरी भयंकर आहे. शेवटी एक म्हातारा कैदी म्हणाला, "दिगूच की साहेब. आमी बी ऐकलं. तुमी बोलावलं, त्यो आला."

मग या शहाण्यानं काय करावं? कैदी पळाला की वाजवतात ती धोक्याची घंटा वाजवली! सगळं जेल दणाणलं. फेरमोजणी झाली. गिनती बरोबर. अधीक्षक धावत आले. "कोण पळालं?"

"पळालं नाही सर… एक आत आल्यासारखा वाटतोय."

त्यांनी आधी घंटा थांबवायला लावली. "तुम्ही रजा घ्या," म्हणाले.

रजेत मुदखेडच्या पुढं त्याच्या गावी गेलो. तो मेला असणार, अशी माझी खात्री होती. असल्या गोष्टींत तसंच असतं ना! पण दिगंबर चांगला जिवंत. घराच्या दाराबाहेर, भिंतीला लागून उकिडवा. मला बघताच ताडकन उभा राहिला.

"बस, बस."

बसला. तसाच उकिडवा, शेजारी जोडीदाराची जागा सोडून.

सुमननं चहा आणला. "दिस कलला की असंच बसतेत. 'आत चला' म्हणल्याबिगर हलत न्हाईत. आत गेले की बाहेरून कडी लाव म्हणतेत. न्हाई लावली तर डोळ्याला डोळा लागत न्हाई. माणूस घरी आला म्हणून मी गावात साखर वाटली, साहेब… अजून आलाच न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मागच्या बाजारच्या दिवशी तर उठून उभे ऱ्हायले अन् रस्त्याकडं तोंड करून वरडले — 'हजर साहेब!' कोणता साहेब आला म्हून मी बघाया गेले, तर रस्त्यावर कुत्रं न्हाई."

बाजारचा दिवस म्हणजे मी गिनतीत त्याचं नाव घेतलं तोच. वेळही दिवस कलतानाची. मी कप खाली ठेवला.

"दिगंबर, तुला काय ऐकू आलं होतं?"

"तुमीच पुकारलं की साहेब," तो मान खाली घालून म्हणाला. "उशीर तर न्हाई झाला?"

माझी हाक एवढ्या लांब कशी गेली, त्याची 'हजर' बरॅकीसमोर कशी आली — विज्ञानवाल्यांनी सांगावं, देवऋष्यानं सांगावं, मला दोन्ही चालेल. आजवर कुणी सांगितलेलं नाही. मी आता नुसती डोकी मोजतो. जेलच्या भिंतीवर 'सुधारणा आणि पुनर्वसन' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय; रंग उडाला की नवा मारतो, तेवढं आम्हाला नीट जमतं.

त्या दिवशी निघताना म्हणालो, "दिगंबर, तू सुटलास. घर तुझं आहे. मनात येईल तेव्हा आत जा, मनात येईल तेव्हा बाहेर ये."

"व्हय साहेब." जागचा हलला नाही.

मग सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "चल, आत हो!" तो झटकन उठला आणि आत गेला.

सुमननं कपबशा उचलल्या. "जाता जाता कडी बी तुमीच लावून जावा साहेब," ती म्हणाली. "तुमच्या हातची लागली की झोप तरी चांगली लागंल त्यांला."