रूम टेंपरेचर, मु. पो. शिरूर

बाटली हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. शेकायच्या पिशवीइतकी गरम होती.

इरा, नील, तुम्ही दोघांनी वाइनचं विचारलंत म्हणून सांगते. तेव्हा मी शिरूरजवळच्या एका कारखान्याचं गेस्ट हाउस सांभाळत होते. मे महिना, गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद असते. जनरेटर फक्त मशीनना. साडेसातला पोर्तुगालचे कस्टमर मिस्टर दुआर्ते जेवायला येणार होते. आदल्या दिवशी त्यांनी आपल्या गावच्या रेड वाइनच्या दोन बाटल्या दिल्या होत्या. रेड ब्लेंड. भाजणीत वेगवेगळी धान्यं असतात, तशी यात तीन जातींची द्राक्षं.

हे जेवण म्हणजे परीक्षा होती. बिघडलं तर प्लँट हेड साहेब किचन पुण्याच्या केटररला देणार होते. म्हणजे आमची स्वयंपाकीण कमल घरी. ती इनामगावहून रोज एसटीने यायची.

रेड वाइन रूम टेंपरेचरला द्यावी, असं मी वाचलं होतं. म्हणून बाटल्या पश्चिमेच्या खोलीतल्या कपाटात ठेवल्या. वर पत्रा. कमलने विचारलंही होतं, "बाई, फ्रिजात ठिवू का?" मी म्हणाले, "रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवत नाहीत."

आता फ्रिजही बंद होता. आतलं चीज घामेजून एका बाजूला कललं होतं. साहेबांनी सांगितलेला चीज पास्ता गेला.

कमलने बाटलीला हात लावला. "आवो बाई, ह्यात च्या टाकायचा राह्यलाय फकस्त."

ती रागावली नाही. तिने गोणपाट भिजवलं, बाटल्या गुंडाळल्या आणि माठाखालच्या ओल्या वाळूत खिडकीच्या वाऱ्याला रोवल्या. दर दहा मिनिटांनी वर पाणी.

"आन् जेवायला?"

कमलचा गुरुवार. ती मटणाला हात लावत नसे. टोपलीत वांगी होती. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेड वाइनमध्ये टॅनिन असतं, म्हणजे कच्च्या जांभळासारखा तुरटपणा. तेल, लोणी, शेंगदाणे तो मऊ करतात. तिखट मात्र तो पेटवतं.

"भरीत कर. चुलीवर भाजून. शेंगदाण्याचं कूट, भाकरी, लोणी. पण मिरची एकच."

"एक? आजाऱ्याचं जेवान हाय व्हय?"

"वाइनबरोबर तिखट चालत नाही."

"मंग ती वाइन लई नाजूक हाय."

शेवटी दीड मिरचीवर तह झाला.

सात वाजता साहेब आले. ताटं बघून त्यांचा आवाज खाली गेला. "मॅडम, वांगं? परदेशी पाहुण्याला?"

"सर, चीज वारलं."

"आणि हे गोणपाट?"

मी उत्तर द्यायच्या आत मिस्टर दुआर्तेंची गाडी आली. वीज अजून आली नव्हती, म्हणून व्हरांड्यात इमर्जन्सी दिवे लावले होते. त्यांनी ओल्या बाटलीला हात लावला. घोट घेतला. भाकरीच्या तुकड्यावर भरीत घेतलं, वरून लोणी. परत घोट. साहेब ताटाकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"माझी आजी बाटल्या दोरीने विहिरीत सोडायची," ते गोणपाटावर पाणी शिंपडणाऱ्या कमलकडे बघत इंग्रजीत म्हणाले. "वांगीही अशीच जाळायची. हिने वाइन किती डिग्रीवर आणली?"

मी कमलला विचारलं. तिने बाटलीला हाताची मागची बाजू लावली. "माठाइतकी."

त्यांनी तिसरी भाकरी मागितली. साहेबांनीही मागितली आणि वर हळूच, "मिरची आहे का वेगळी?"

"हाय की," कमल म्हणाली. "तुमच्यासाठीच अर्धी राखली हुती."

केटररचा विषय पुन्हा निघाला नाही. मी शिस्तीप्रमाणे त्या जेवणाची एसओपी, म्हणजे कामाची पद्धत, टाइप केली. रेड वाइन, तापमान: कमलच्या माठाइतकं. साहेबांनी खाली सही केली.

तुमच्याकडे बाटलीवर रूम टेंपरेचर लिहिलेलं असेल, तर आधी विचारा, खोली कुठल्या गावची.