दुपारी ओस असलेली गल्ली

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षी मी सोलापूरसाठी एक तारांगण काढलं आणि नापास झाले. तारांगणाला मोठा घुमट होता आणि भोवती पाण्याचे चार हौद होते. सोलापुरात एवढं पाणी कुठून आणणार, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर नापास होण्याला कारण तरी बरं मिळालं असतं. परीक्षकांनी लिहिलं होतं, ‘घुमटात आत्मविश्वास नाही.’ घुमटात आत्मविश्वास कसा भरतात, हे पाच वर्षांत आम्हाला शिकवलेलं नव्हतं.

आमचं सोलापुरात धान्याचं दुकान होतं. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि दोन्हीकडे मंगळवेढ्याच्या ज्वारीचं कौतुक. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तारांगणाचा नकाशा ज्वारीच्या पोत्यांवर पसरून बराच वेळ पाहिला.

“हे तारे बघायला का?”

“हो.”

“मग वरून झाकलंस कशाला? गच्चीवर बाज टाकायची की.”

ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि मलाही ते समजावून सांगता येईना. मग त्यांनी नकाशाची नीट गुंडाळी केली आणि विचारलं, “आता?”

आता एवढंच होतं की कॉलेजच्या नियमाप्रमाणे शेवटचा प्रकल्प एकदाच पुन्हा करता येत असे. दुसऱ्यांदा नापास झालं की पाच वर्षांचे कागद गुंडाळून, पदवीशिवाय घरी. वर्गात आम्ही तिघीच मुली होतो. दोघी पास होऊन गेल्या होत्या.

कॉलेज परगावी होतं. तिथे त्या वर्षी ‘माणूस’ हा शब्द नव्याने आला होता. आदल्या वर्षी ‘घुमट’ होता. आमचे मार्गदर्शक सर कुठल्याशा परिसंवादाला जाऊन आले होते आणि तेव्हापासून हातमागाचा कुर्ता घालून डोळे मिटून बोलत. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांसाठी वसाहत करायचं ठरवलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. “वा! माणूस!” म्हणाले. मग पुन्हा मिटून म्हणाले, “पण लक्षात ठेव, गल्ली म्हणजे रस्ता नव्हे. गल्ली म्हणजे अनुभव.” मी वहीत लिहून घेतलं. पहिल्या वर्षापासूनचं असं बरंच त्या वहीत होतं.

सुट्टीत सोलापूरला येऊन मी मोजमापं घ्यायला लागले. अप्पांच्या गिऱ्हाइकांत एक विणकर जोडपं होतं, तेलुगू बोलणारं. नवरा दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला असे आणि फारसा बोलत नसे. ती कसर बायको भरून काढी. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. अप्पांनी तिला सांगून ठेवलं होतं, “आमची पोरगी येईल टेप घेऊन. पोलीस न्हाय, मुन्शिपाल्टीची न्हाय. घाबरायचं न्हाय.”

दुकानाची सायकल मला दुपारी एक ते चारच मिळायची. अप्पा तेव्हा पोत्यांना टेकून झोपत. त्यामुळे मी रोज एक ते चारच जायचे. डोक्यावर पदर, हातात पंधरा मीटरची टेप, आणि वर सोलापूरचं ऊन. घरं मी इंचन् इंच मोजली. माग कुठे, चूल कुठे, पाण्याचा पिंप कुठे, बाळाची झोळी कोणत्या तुळईला. अक्का टेपचं दुसरं टोक धरायची आणि टोमणे मारायची.

“काल पन मोजलीस की ही भिंत. रात्रीतून वाडली काय?”

“खात्री करून घेते, अक्का.”

“घे घे. आमी लग्नात पन एवडं बघिटलं न्हाय.”

गल्ली मात्र मी एकदाच मोजली. कारण तिच्यात काही नव्हतंच. दोन्ही बाजूंना घरं, मधे सरळ, लांबलचक, रिकामी जमीन. एक कुत्रं झोपलेलं. सरांना टपालाने पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं, ‘दुपारी गल्ली ओस असते. तिचा काहीही उपयोग होत नाही. ही वाया जाणारी जागा जिवंत करणे आवश्यक आहे.’ हे वाक्य सरांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोन व्याख्यानांत वापरलं.

मग मी गल्ली जिवंत केली. म्हणजे ती तीन ठिकाणी वाकवली. प्रत्येक वाकणाशी एक पार, पाराला झाड, झाडाखाली तीन पायऱ्या. पत्रातून सरांचे आशीर्वाद आले: “सरळ रेषा म्हणजे कल्पनेचा दुष्काळ. तू त्यातून बाहेर पडलीस.” पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. झाडांसाठी दोडक्याच्या शिरा वाळवून हिरव्या रंगवल्या. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ते बघून जाई, आणि अप्पा सांगत, “हितं माणसं राहणार. गेल्या वर्षी तारे राहणार हुते.”

कॉलेजला परत जायला चार दिवस असताना मी ते मॉडेल सायकलच्या कॅरिअरला बांधून अक्काला दाखवायला नेलं. मला शाबासकी हवी होती, हे कबूल करते. तिने ते चुलीजवळ, उजेडात ठेवलं आणि उकिडवी बसून पाहिलं. आपलं घर तिने लगेच ओळखलं. मागाला उत्तरेचा उजेड दिला होता, तेही तिला आवडलं. नंतर तिचं बोट गल्लीत शिरलं आणि पहिल्या वाकणाशी थांबलं.

“हे काय?”

“हा पार. इथे बसून गप्पा मारायच्या.”

“कोनी?”

“तुम्ही. बायकांनी.”

“कवा?”

बोट पुढे सरकलं, दुसरं वाकण, तिसरं वाकण, आणि परत मागे आलं.

“मग ताना कुटं लावायचा?”

“कसला ताणा?”

आत मागाचा आवाज थांबला. मी यायला लागल्यापासून तो माग पहिल्यांदाच माझ्यामुळे थांबला होता. नवऱ्याने खड्ड्यातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि तेलुगूत एकच वाक्य म्हणाला. अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“काय म्हणाले?”

“म्हंतात, ही पोरगी चार हप्ते आली, पन एकदा बी सकाळी न्हाय आली.” तिने मॉडेल उचलून माझ्या हातात दिलं. “उद्या ये. उजाडायला ये. सायकल नसली तर चालत ये. पाय हायत की.”

चालत गेले. गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि पुढे जायला जागा नव्हती. माझ्या वाया जाणाऱ्या जागेत, या टोकापासून सात घरं ओलांडून, कमरेच्या उंचीवर लालभडक सूत ताणलेलं होतं. हाच ताणा: लुगड्याचे हजारो उभे धागे, शेजारी शेजारी, एका पातळीत. दोन्ही टोकांना खुंट, मधे बांबूच्या तिकाट्यांचा आधार. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती आणि खळ लावलेला रुंद कुंचा ओढत पावलाला पाऊल लावून चालत होती. बायका तुटलेला धागा शोधून गाठ मारत होत्या. गाठ मारताना बोटं दिसत नव्हती. दूधवाला सायकल खांद्यावर घेऊन भिंतीला पाठ घासत निघून गेला. त्याला कुणी काही म्हटलं नाही, त्यानेही नाही. पोरं वाकून खालून जात होती. माझं दुपारचं कुत्रं एका दारात अंग चोरून बसलं होतं; त्याची झोपायची वेळ अजून व्हायची होती.

“बघिटलीस?” अक्का म्हणाली. “ऊन चडायच्या आत उरकावं लागतं. न्हायतर खळ वाळून दोरे एकमेकाला धरतात. आज आमचा, उद्या त्यांचा. असं चालतंय.” मग माझ्या मॉडेलची आठवण येऊन तिला परत हसू आलं. “तुझ्या गल्लीत ताना लावला तर लुगडं वाकडं येईल बघ. पाराला वळसा घालून.”

मी टेप काढली. ती पंधरा मीटरची, ताणा पंचवीसच्या पुढचा. दोनदा लावून मोजावा लागला. चार आठवडे मी घराच्या भिंती मोजल्या होत्या आणि त्या घरांची सगळ्यांत मोठी खोली बाहेर होती. तिला छप्पर नव्हतं आणि ती सातही घरांची मिळून एक होती. सरांचं बरोबर होतं, गल्ली म्हणजे रस्ता नव्हे. फक्त हे त्यांना ठाऊक नव्हतं.

कॉलेजात गेल्यावर मी पार उपटले, पायऱ्या काढल्या, दोडक्याची झाडं केराच्या टोपलीत टाकली आणि गल्ली सरळ केली. सरांनी नवा नकाशा पाहिला आणि डोळे मिटले नाहीत, यावरूनच काहीतरी बिनसल्याचा मला अंदाज आला.

“ही बराक आहे,” ते म्हणाले.

मी ताणा समजावून सांगितला.

“ताणा यंत्रावर करतील. आपण भविष्याचा विचार करतो.”

“सर, ते आत्ता तिथे राहतात.”

“हे बघ,” ते आवाज उतरवून म्हणाले, आणि ते खरंच काळजीने बोलत होते, “वाकणं ठेवलीस तर तू पास आहेस. मी बोललोय. ही सरळ गल्ली लावलीस तर मी परीक्षकांपुढे तोंड उघडणार नाही. तुला ही शेवटची संधी आहे.”

जुने नकाशे माझ्याकडे तयार होते. नुसते टाचायचे होते. परीक्षेच्या दिवशी सकाळपर्यंत दोन्ही गुंडाळ्या माझ्या काखेत होत्या, यात धैर्य वगैरे काही नाही. मी वाकणांच्या गुंडाळीची दोरी सोडलीसुद्धा होती. मग मला तो माग थांबलेला आठवला, आणि त्या माणसाचं माझ्याकडे बघणं. मी दुसरी गुंडाळी टाचली.

परीक्षक बाहेरचे होते. गडद सूट, न पेटवलेला पाइप. त्या पाइपचं टोक त्यांनी माझ्या गल्लीवर ठेवलं.

“इथे काहीच घडत नाही.”

“दुपारी घडत नाही,” मी म्हणाले.

शेजारच्या कागदावर मी तीच गल्ली सकाळची काढली होती. लाल शाईने ताणा, दोन्ही बाजूंना माणसं, भिंतीला चिकटलेला दूधवाला. कुत्रंही काढलं होतं. मी बोलत गेले. सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षकांनी पाइप खाली घेतला आणि कागदाच्या फार जवळ जाऊन सात घरं मोजली.

“पाऊस आला तर?”

पाच वर्षांत आम्हाला उत्तर नसतानाही उत्तर द्यायला उत्तम शिकवलेलं होतं. ‘वातावरणाशी संवाद’ असं काहीतरी तोंडावर आलंही होतं.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “विचारायला पाहिजे होतं. राहिलं.”

ते हसले. “सकाळपासून अकरा जण झाले. पहिल्यांदा ऐकतोय हे.” त्यांनी शेरा लिहिला, ‘दर्शनी भाग कंटाळवाणे. गल्ली बरोबर.’ आणि गुण दिले ते पास होण्यापुरते, एकही जास्त नाही. जाताना सर त्यांना सांगत होते, “मी तिला सुरुवातीपासून म्हणत होतो, गल्लीकडे लक्ष दे.” ते खोटंही नव्हतं.

अप्पांनी पेढे वाटले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की पोरगी गल्लीत पास झाली. ती वसाहत अर्थातच कधी बांधली गेली नाही. विद्यार्थ्यांच्या वसाहती कागदावरच राहतात, आणि बऱ्याच वेळा ते राहणाऱ्यांच्या हिताचंच असतं.

मी पेढे घेऊन अक्काकडे गेले ते सकाळी, चालत. ताणा लागलेला होता, या वेळी शेजाऱ्यांचा, हिरवा. ती गाठी मारत होती. हात खळीने भरलेले म्हणून तिने तोंड पुढे केलं, मी पेढा भरवला.

“अक्का, पाऊस आला तर काय करता?”

“पाऊस?” तिने मान मागे टाकून वर बघितलं. वर सोलापूरचं आभाळ होतं. “हितं?”

पलीकडच्या बाजूची बाई हसली, तिच्या पलीकडचीही. मग अक्काला दया आली असावी. “आला तर वरडायचं. सगळी पळत येतात. धा जन धरून गुंडाळतात. त्यात काय.” आणि माझ्या रिकाम्या हाताकडे बघून म्हणाली, “उबी का ऱ्हायलीस? तो दोरा तुटलाय बघ तुझ्यासमोर.”

मला गाठ मारता येत नव्हती. तेही शिकवलेलं नव्हतं. मी दोन्ही टोकं धरून उभी राहिले, ती येईपर्यंत.